जिथं दात नव्हता

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वड्या टाकायचं. कोहळ्याच्या वड्या. सकाळी अंगणात खाट ओढली, तिच्यावर बुडीनं आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि पाट घेऊन बसली. बुडी म्हणजे माझी बायको. आमच्याकडं म्हातारीला बुडी म्हणतात, त्यात अपमान नाही. ती मला बुडाच म्हणायची, फक्त चार लोकांसमोर अजी म्हणायची.

माझं काम पीठ फेटायचं. वाटलेली उडदाची डाळ आणि किसून पिळलेला कोहळा एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात घ्यायचा आणि हातानं फेटत राहायचं. पीठ हलकं झालं की नाही ते बघायला त्यातलं बोरभर पाण्यात सोडतात. तरंगलं तर झालं, बुडालं तर आणखी फेटा. माझं दोनदा बुडालं.

"जोर लावा ना जरा. सकाळी तं पोटभर खाल्लं."

"खांदा दुखते."

"कोनाचा नाई दुखत?"

तिसऱ्या वेळी तरंगलं. ती ओल्या बोटांनी वड्या टाकायला लागली. एरवी वडी लिंबाएवढी असते. त्या दिवशी ती अगदी बारक्या टाकत होती.

"ह्या वड्या होय का शेळीच्या लेंड्या?" मी म्हटलं.

"तुमाले नाई खायाच्या. नागपूरची एक बाई तिकडं जाऊन रायली. दोनच किलो नेईन म्हनते. बारीक वडी लवकर वाळते, वजन कमी भरते. पोरीले चार वड्या जास्ती जाईन."

असं बोलताना तिनं डावा हात जबड्याला लावला. पिठाचा हात गालाला लागला. मी ते पाहिलं. सोडून दिलं, कारण आठ दिवस ती हेच करत होती.

ज्या पोरीसाठी वड्या चालल्या होत्या ती आमची नात. पोराची पोरगी. पोरगा नागपूरला कंपनीत आहे, पण नात चौथीपर्यंत आमच्याच घरी होती, म्हणून ती नागपूरची कमी आणि बुडीची जास्त. तिच्या कॉलेजनं तिला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं होतं. तिकडचं कॉलेज एक पोरगी इकडं पाठवते, इकडचं कॉलेज एक तिकडं, असा काही करार असतो. बुडीला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "आपन आपली पोट्टी देल्ली. त्याईची कुठं हाये? घरी तं नाई आली."

फी लागत नव्हती. राहण्याखाण्यासाठी दर महिन्याला ठरावीक पैसे मिळत होते, पण तिथली महागाई म्हणजे त्या पैशात खोलीचं भाडं गेलं की हातात फार काही उरायचं नाही. पोरगा म्हणाला, मी पाठवतो. नात म्हणाली, नको, मी भागवते. हा हट्ट तिनं बुडीकडूनच घेतला होता. बुडीनं जन्मभर भागवलंच. माझ्या धोतराची चादर, चादरीचं पोतेरं आणि पोतेऱ्याची चुलीपुढची चिंधी, इथपर्यंत कापड जायचं. नातीला परदेशात राहायचं कसं ते कोणी शिकवायचं? जी बाई रायपूरच्या पलीकडं कधी गेली नव्हती, तिनं.

दर रविवारी नातीचा फोन यायचा, व्हिडिओचा. बुडी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि दोघींची शर्यत लागायची. या आठवड्यात कोणी काय वाचवलं.

नात सांगायची, इथं संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी पाव अर्ध्या किमतीला देतात, मी तेव्हाच जाते. रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की पैसे परत मिळतात. लोक बगिच्यात बाटल्या टाकून जातात, त्या मी गोळा करते. केस स्वतःच कापले, बघ. कपडे धुवायच्या मशीनला पैसे पडतात म्हणून आम्ही दोघी जणी मिळून एकदाच लावतो. एके ठिकाणी कपाट आहे, त्यात लोक नको असलेलं खाणं आणून ठेवतात, कोणीही न्यावं.

"फेकलेलं खाते का वो?" बुडी ओरडली.

"फेकलेलं नाही आजी, ठेवलेलं."

"कोनं ठेवलं, हात धुतले का नाई, मालूम हाये का तुले?"

"पाकीट बंद असते."

"मंग ठीक हाये. मंग दोन आनत जा."

विजेचं बिल तिकडं भारी. त्यावर बुडीनं तिला आपली रीत शिकवली. भाताला एक उकळी आली की भांडं झाकायचं, गोधडीत घट्ट गुंडाळायचं आणि विसरून जायचं. तासाभरानं भात तयार. आमच्याकडं रोवणीच्या दिवसांत बाया असंच करून शेतावर जातात. नातीनं पातेलं आपल्या रजईत गुंडाळून पलंगावर ठेवलं. तिच्या खोलीतल्या पोरीला वाटलं, हिनं मांजर लपवून आणलं. हे सांगताना नात इतकी हसली की फोन पडला. बुडी दोन दिवस ती गोष्ट विहिरीवर सांगत होती.

मीही काही कमी नव्हतो. पानठेल्यावर बसून सांगायचो, आमची पोट्टी पाच किलो तांदळात महिना काढते जर्मनीत. लोक म्हणायचे, वा. मला बरं वाटायचं. आता ते आठवलं की थुंकावंसं वाटते.

नातीच्या दाताचं महिनाभर आधी सुरू झालं होतं. खालची दाढ. फोनवर ती उजव्या बाजूनंच चावताना दिसायची. बुडीनं विचारलं तर म्हणाली, दुखते थोडी. डॉक्टरकडं का नाही जात, तर म्हणाली, इथं दाताचा डॉक्टर म्हणजे माझे दोन महिन्यांचे खाण्याचे पैसे. परत आले की नागपूरला दाखवीन, तीनच महिने राहिले.

"लवंग दाबून धर," बुडी म्हणाली. "मिठाच्या गरम पान्याच्या गुळण्या कर. रात्री तुरटी लाव. माया बाळंतपनात दात सुजला होता तं असाच काढला म्या महिना."

"करते आहे आजी."

आणि बुडी माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरीले अक्कल हाये. उगाच पैसे नाई घालवत." मीही मान हलवली.

मग तो शेवटचा रविवार. नात म्हणाली, या आठवड्यात काय वाचवलं आजी, सांग. बुडी म्हणाली, "म्या डागतरचे पैसे वाचवले."

"का, काय झालं तुला?"

"मायाबी दात दुखून रायला. डावीकडचा. तुया दात पाहून याले बी जोर आला."

नात हसायला लागली. "आजी, डावीकडं तुला दात आहेत कुठं? मीच नाही का बघितलं, इकडं यायच्या आधी तू चकली उजवीकडूनच खात होतीस."

खरंच होतं. बुडीच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढा दहा वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. तिथं नुसती हिरडी.

मी मधेच बोललो, "नसलेला दात दुखते तिचा. तिचं सगळंच फुकटात."

तिघंही हसलो. बुडी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता जबडा दाबून धरत होती. मग म्हणाली, "हिरडी असन. दुखते मातर खरं, पार इथवर, खांद्यापासून." नात म्हणाली, लवंग लाव. बुडी म्हणाली, लावून रायली ना माय, दोन दिवसांपासून.

पुढचे दिवस असेच गेले. पायरी चढली की दुखायचं, बसली की थांबायचं. मी एकदा म्हटलं, चल, तालुक्याला दाखवून येऊ, सरकारी दवाखान्यात. ती म्हणाली, वड्या होऊ द्या. ऑटोचं जाणंयेणं, दिवस मोडते, आणि ते काय सांगणार, म्हातारपण म्हणून. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. माझाही विचार तोच होता, खोटं कायले सांगू.

वड्या टाकून झाल्या तेव्हा दहा वाजले असतील. ती उठली, हात धुतले, म्हणाली, "जरा पडतो. वानरं येतीन, ध्यान ठेवा." दुसऱ्या खाटेवर उन्हात पडली. मी काठी घेऊन बसलो. थोड्या वेळानं बघितलं तर तिच्या कपाळावर घाम. माघाची थंडी, आणि घाम. मी हाक मारली तर म्हणाली, "छातीवर कोनी बसून रायलं जसं." नंतर ओकारी झाली. मग मी धावलो. शेजारच्यानं ऑटो आणला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तलावाच्या वळणावर तिनं माझा हात धरला.  दवाखान्यात पोचलो तर डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि थोडा वेळ प्रयत्नही केला.

तो डॉक्टर पोरसवदा होता, पण माणूस नीट. बाहेर बाकावर माझ्याजवळ येऊन बसला. विचारलं, "आधी काही त्रास होता का बाबा? छातीत दुखायचं का?"

मी म्हटलं, "छातीत नाई. दात दुखत होता, आठ दिवस."

"कोणता दात?"

मी माझ्या गालावर बोट ठेवून दाखवलं. मग माझ्याच तोंडातून निघालं, "पन तिथं दात नव्हता."

 तो म्हणाला, बायांमध्ये असं होतं कधी कधी. हृदयाचं दुखणं जबड्यात येतं, हातात येतं. छातीत दुखतच नाही. आणि चालताना, चढताना वाढतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. पायरी चढताना. बसली की थांबायचं. सगळं बरोबर सांगत गेलो, जसं काही परीक्षेत उत्तरं येत होती. आठ दिवस सगळी उत्तरं माझ्याजवळ होती.

पोरगा आणि सून नागपूरहून चार वाजेपर्यंत आले. दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं. घरी आलो. आमच्या घरची चूल पेटवायची नव्हती, शेजारचे डाळभात घेऊन आले, मी दोन घास गिळले. तेवढ्यात नातीचा फोन आला. पोरानं तिला दुपारीच कळवलं होतं. तिला यायचं होतं. पोरानं सांगितलं, आता येऊन काय भेटणार बेटा, तू परीक्षा दे. सून म्हणाली, आजी झोपल्यासारखी गेली, एक मिनिट त्रास नाही झाला. आम्ही घरातल्यांनी असं ठरवलंच होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं, मी तिथं बसलो होतो.

फोन माझ्या हातात दिला. नात रडून रडून घोगरी झाली होती.

"आबाजी, खरं सांगा. आजीला त्रास नाही ना झाला?"

मी जन्मात कोणाला गोड बोललो नाही. भावाशी त्यापायी तुटलं, पाहुण्यांत नाव वाईट आहे. पण त्या वेळी सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी थकलो होतो. मी म्हटलं, "नाई बेटा. काई त्रास नाई."

"दात?"

"तो बरा झाला होता."

तिनं मोठा श्वास सोडला. म्हणाली, "बरं झालं." मग फोन ठेवला. रात्रभर मला तिचं ते 'बरं झालं' काही सोडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. बाया येत होत्या, दारातच सूर लावत होत्या, मग आत बसून चहा पीत होत्या. पुरुष अंगणात. कोणी म्हणत होतं, नशीबवान, सवाष्ण गेली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. आंघोळ नाही, चूळही भरली नव्हती. साडेअकराला नातीचा फोन आला. तिकडं तेव्हा सकाळचे सात वाजतात.

फोनवर तिचं तोंड दिसलं. मी चष्मा लावला. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. ती खोलीतला दिवा पाठीमागं ठेवून बसली होती, म्हणजे दिसू नये. पण दिसत होतं.

"गालाले काय झालं?"

"काही नाही आबाजी. रडले ना रात्रभर, म्हणून."

"रडून एकच गाल सुजते का?"

तिनं हात गालावर ठेवला.

"ताप हाये का?"

"थोडा. लवंग लावली आहे. आजीनं सांगितलं होतं ना, गुळण्या पण करते. जाईल."

लवंगेचं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठलो, फोन घेऊन गोठ्याच्या बाजूला गेलो. पोरगा मागोमाग आला.

"ऐक," मी म्हटलं. "काल मी खोटं बोललो. तुई आजी झोपेत नाई गेली. आठ दिवस दुखत होतं तिले. जबड्यात, खांद्यात. दात नव्हता तो, दिल होतं तिचं. डागतरनं सांगतलं. आपन तिघंबी हसलो होतो त्यादिवशी, आठवते ना? मी हसलो. मी घेऊन नाई गेलो. ऑटोचे पैसे वाचवले आमी."

"बाबूजी!" पोरगा माझ्या हातातून फोन घ्यायला लागला. "आता कायले सांगता तिला हे? परदेशात एकटी आहे पोरगी."

"एकटी हाये म्हनूनच सांगून रायलो. हात काढ."

त्यानं हात काढला.

  मग नात अगदी हळू म्हणाली, "मी तिला लवंग लाव म्हटलं होतं."

"तू पोट्टी होय. तुले काय मालूम? मले मालूम पाहिजे होतं, मी बाजूले होतो. ते माया डोक्यावर हाये, तुया नाई. तुया डोक्यावर तुया दात हाये. डागतरकडं काऊन नाई जात?"

"पैसे, आबाजी."

"दर महिन्याले ते विमा का काय भरते म्हनत होती ना? भरल्याशिवाय कॉलेजात घेत नाईत म्हने."

"भरते. पण दात त्यात बसतात की नाही, माहीत नाही."

"विचारलं का?"

"नाही."

"काऊन?"

ती रडायला लागली. म्हणाली, नाही म्हटलं असतं तर? मग मला जावंच लागलं असतं ना पैसे भरून. नाही विचारलं तर दुखणं तसंच ठेवता येत होतं. आणि मला त्यांची भाषा अजून नीट येत नाही, फोनवर तर काहीच समजत नाही.

 बुडी बोलत होती जशी. वड्या होऊ द्या.

"विचारायले पैसे लागत नाईत," मी म्हटलं. "नाई म्हनलं तं तुया बापाजवळ हायेत. त्याच्याजवळ नसले तं वावर हाये, मी इकतो. कपडे घाल. आता. फोन बंद नोको करू."

"दवाखाना आठला उघडते."

"मंग दारात उभी राय. सगळ्यात पयला नंबर लाव."

तिनं फोन खिशात ठेवला असावा. मला नुसता अंधार दिसत होता आणि आवाज येत होते. दार, जिना, मग बाहेरचा वारा. ती मधून मधून बोलायची. "ट्राममध्ये बसले. पास आहे, पैसे नाही लागत." मी म्हणायचो, "हं." अंगणातून कोणीतरी म्हणालं, बायको काल गेली आणि बुडा फोनवर बसला बघा. सून त्यांना काहीतरी सांगायला गेली. पोरगा माझ्याजवळच उभा राहिला. त्यानं मला बसायला गोठ्यातलं लाकूड सरकवून दिलं.

बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर आलं. मग तिकडं एका बाईचा आवाज आला आणि नात तिच्याशी त्या भाषेत बोलायला लागली. अडखळत, थांबत. मला एक शब्द समजला नाही. बाईनं काही विचारलं, नातीनं काही सांगितलं. पुन्हा विचारलं. खिशातून काहीतरी काढल्याचा आवाज आला. मग नात फोन कानाला लावून मराठीत म्हणाली, "आबाजी, कार्ड दाखवलं. चालते म्हणतात. दाढ काढावी लागली तरी चालते. गाल बघून त्यांनी मला पुढं घेतलं."

"पैसे?"

"नाही लागत. आधीपासूनच लागत नव्हते."

 पोरानं तोंड फिरवलं.

"आबाजी, आत बोलावलं मला. फोन ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "दुखन थोडं. दुखू दे."

फोन बंद झाला. मी पोराला म्हटलं, तुझी आई तुला आजारपणाचं काहीच सांगत नव्हती ना, मीही सांगत नव्हतो. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मला रात्री घाम येतो कधी कधी.  तो म्हणाला, तिसरा दिवस झाला की नागपूरला चला. मी हो म्हटलं.

मग मी न्हाणीत गेलो. बादलीत पाणी होतं, थंड. चूळ भरली, आंघोळ केली, आणि ओल्या धोतरानंच अंगणात येऊन लोकांमध्ये बसलो.